स्वभावाला औषध असते का? व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रीय सिद्धान्तांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणून जातो आणि ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हेही तितक्याच सहजपणे म्हणतो. पहिल्या म्हणीत स्वभाव बदलत नाही असा दावा आहे, तर दुसरीत माणसांचे ठरावीक साचे पाडता येत नाहीत असा. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात बहुतांशी याच दोन दाव्यांची तपासणी केली आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी फारशी जुळली नाहीत. ती उत्तरे समजून घेताना एकच काल्पनिक उदाहरण हाताशी ठेवू. एक महाविद्यालयीन मुलगी लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवते, मात्र तोंडी परीक्षेला परीक्षकांसमोर बसताच तिच्या घशाला कोरड पडते आणि येत असलेले उत्तरही ओठांवर येत नाही.

व्यक्तिमत्त्व म्हणजे नेमके काय?

बोलण्यात हा शब्द आपण रुबाबासाठी वापरतो. एखाद्याला ‘व्यक्तिमत्त्व आहे’ म्हटले की तो उंचापुरा, बोलण्यात तयार आणि चारचौघांत उठून दिसणारा असावा असा अर्थ निघतो. मानसशास्त्रात मात्र व्यक्तिमत्त्व प्रत्येकालाच असते, कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यालाही. विचार करण्याच्या, भावना अनुभवण्याच्या आणि वागण्याच्या ज्या पद्धती एखाद्या माणसात बराच काळ टिकतात आणि ज्यांच्यामुळे तो इतरांहून वेगळा ओळखू येतो, त्यांच्या संघटनेला व्यक्तिमत्त्व म्हणतात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये केलेल्या व्याख्येत दोन गोष्टींवर भर होता: ही संघटना मन आणि शरीर या दोहोंची आहे, आणि ती गतिशील आहे.

येथे शब्दांच्या व्युत्पत्तीकडे थोडे वळावेसे वाटते. या संकल्पनेसाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ आहे तो ‘पर्सोना’ या लॅटिन शब्दावरून आला आणि पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. आपला शब्द ‘व्यक्त’ वरून, म्हणजे जे प्रकट झाले त्यावरून आला. एका शब्दात झाकण्याची कल्पना आहे आणि दुसऱ्यात उघड होण्याची. माणूस जे दाखवतो ते खरे की जे लपवतो ते खरे, या प्रश्नावर पुढचे बरेच सिद्धान्त एकमेकांपासून वेगळे होतात.

एकच बरोबर सिद्धान्त का नाही?

प्रत्येकाने वेगळ्या खिडकीतून पाहिले, हे याचे मोठे कारण आहे. फ्रॉइड यांच्यासमोर कोचावर पडून बोलणारे रुग्ण होते, कॅटेल यांच्यासमोर हजारो उत्तरांचे आकडे होते, केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या वर्तनवाद्यांसमोर प्रयोगशाळा होती आणि रॉजर्स यांच्यासमोर समुपदेशनासाठी आलेली, आजारी म्हणता येणार नाहीत अशी माणसे होती. दुसरे कारण असे की त्यांचे प्रश्नही एक नव्हते. क्लाइड क्लकहोन आणि हेन्री मरे यांनी १९४८ मध्ये मांडले होते की प्रत्येक माणूस काही बाबतींत सर्व माणसांसारखा असतो, काही बाबतींत काही माणसांसारखा असतो आणि काही बाबतींत इतर कोणाहीसारखा नसतो. फ्रॉइड यांनी मुख्यतः पहिल्या पातळीविषयी लिहिले आणि गुणविशेषांच्या, म्हणजे टिकाऊ स्वभावगुणांच्या, अभ्यासकांनी दुसऱ्या पातळीविषयी. तिसऱ्या पातळीला हात घालणे सर्वांत कठीण, कारण तेथे मोजमाप संपते आणि चरित्र सुरू होते.

फ्रॉइड यांचा सिद्धान्त थोडक्यात काय सांगतो?

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हे व्हिएन्नातील मज्जाविकारांचे डॉक्टर होते. ज्यांच्या शरीरात दोष सापडत नाही, तरी ज्यांचा हात लुळा पडतो किंवा वाचा बसते, अशा रुग्णांपासून त्यांनी सुरुवात केली आणि मनाचा फार मोठा भाग माणसाच्या स्वतःच्याच जाणिवेबाहेर, म्हणजे अबोध असतो, या निष्कर्षापर्यंत ते आले. स्वप्ने, बोलताना जीभ घसरणे आणि नेमके विसरू नये तेच विसरणे यांतून अबोध मन डोकावते, असे त्यांचे म्हणणे होते.

१९२३ मध्ये त्यांनी मनाची इदम्, अहम् आणि पराहम् अशी तीन अंगांची रचना मांडली. इदम् म्हणजे आत्ताच्या आत्ता तृप्ती मागणारी सहजप्रेरणा. पराहम् म्हणजे आईवडिलांच्या आणि समाजाच्या आज्ञा आत मुरून तयार झालेला, अनेकदा कठोर असा न्यायाधीश. आणि अहम् म्हणजे या दोघांना व बाहेरच्या वास्तवाला एकाच वेळी सांभाळणारा कारभारी. येथील अहम् म्हणजे गर्व नव्हे, ही सूचना मराठी वाचकाला मुद्दाम द्यावी लागते. या ओढाताणीतून चिंता उत्पन्न होते आणि ती सुसह्य करण्यासाठी अहम् दमन, नाकारणे, स्वतःच्या भावना दुसऱ्यावर लादणे, समर्थन शोधणे अशा संरक्षण यंत्रणा वापरतो. त्यांची पद्धतशीर मांडणी फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. कार्यालयात साहेबांचे बोलणे ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन मुलांवर डाफरतो, तेव्हा रागाचे जे विस्थापन होते ते ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण पुरते.

आपल्या उदाहरणातील मुलीविषयी फ्रॉइड विचारतील की परीक्षकांच्या जागी तिला खरे तर कोण दिसते आहे, आणि बालपणी कोणासमोर चूक करण्याची तिला धास्ती होती.

आज फ्रॉइड यांचा सिद्धान्त ग्राह्य मानला जातो का?

जसाच्या तसा नाही. तो कोणत्या निरीक्षणाने चुकीचा ठरेल हेच सांगता येत नाही, हा विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप गंभीर आहे. मोजक्या रुग्णांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलणे आणि स्त्रियांच्या मनाकडे उणिवेच्या भावनेतून पाहणे हे दोषही उघड आहेत. फ्रॉइड यांनी गृहीत धरलेला स्त्रियांचा हेवा पुरुषांच्या शरीराचा नसून त्यांना मिळणाऱ्या सामाजिक सत्तेचा आहे, असे मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी ठामपणे सांगितले. तरीही मनाचे बरेच व्यवहार आपल्या नकळत चालतात आणि बालपणीच्या नात्यांचा ठसा पुढे उरतो, या दोन गोष्टी वेगळ्या रूपात टिकून आहेत.

भारतात हा विचार फार लवकर पोहोचला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइड यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला. त्यांनी निव्वळ अनुकरण केले नाही. आपल्या रुग्णांच्या आधारे त्यांनी फ्रॉइड यांच्या काही मतांना पत्रांतून हरकतही घेतली.

युंग, ॲडलर आणि एरिक्सन यांनी वेगळे काय सांगितले?

आल्फ्रेड ॲडलर यांचे ऋण मराठी भाषेवर आहे, कारण ‘न्यूनगंड’ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो त्यामागे त्यांची कल्पना आहे. लहानपणी त्यांना मुडदूस झाला होता आणि दुबळेपणाचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान व असहाय असते आणि त्या उणिवेवर मात करण्याची धडपड हीच माणसाची मुख्य प्रेरणा आहे, असे त्यांनी मांडले. ही धडपड इतरांविषयीच्या आस्थेशी जोडली गेली तर माणूस घडतो. ती खुंटली तर न्यूनगंड जडतो. १९११ मध्ये ते फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले.

कार्ल युंग १९१३ च्या सुमारास दुरावले. बहिर्मुख आणि अंतर्मुख या संज्ञा त्यांनी १९२१ मधील ग्रंथात मांडल्या. व्यक्तिगत अबोधाच्याही खाली साऱ्या मानवजातीचे सामूहिक अबोध मन असते, ही त्यांची कल्पना साहित्यिकांना आणि मिथकांच्या अभ्यासकांना भावली. प्रयोगाने तपासण्याजोगी मात्र ती ठरली नाही.

एरिक एरिक्सन यांनी विकास बालपणाशी न थांबवता म्हातारपणापर्यंत नेला. १९५० मध्ये त्यांनी आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो, जसे बाळासाठी विश्वास की अविश्वास, किशोरासाठी स्वतःची ओळख की तिच्याविषयीचा गोंधळ, वृद्धासाठी आयुष्याविषयी समाधान की खंत. महात्मा गांधींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९१८ च्या अहमदाबाद येथील गिरणी कामगारांच्या संपाभोवती बांधलेला आहे. व्यक्तीचा आणि तिच्या काळाचा पेच एकत्र कसा वाचावा, याचा तो उत्तम नमुना आहे.

गुणविशेषांचा सिद्धान्त शब्दकोशातून निघाला, असे म्हणतात ते का?

कारण तो खरोखरच शब्दकोशातून निघाला, आणि मला स्वतःला या साऱ्या इतिहासातील हे प्रकरण सर्वांत आवडते. माणसांमधील जे फरक महत्त्वाचे असतात त्यांच्यासाठी भाषेत कधी ना कधी शब्द तयार होतो, हे यामागचे गृहीतक. मराठीत पाहा: हेकट, भिडस्त, चिवट, आतल्या गाठीचा, तोंडाळ, सोशीक, मानी, लाघवी. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे कित्येक पिढ्यांनी केलेले एक निरीक्षणच आहे.

ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यांतील सुमारे ४,५०० शब्द टिकाऊ स्वभावगुणांचे होते. रेमंड कॅटेल यांनी समानार्थी शब्द गाळून आणि एकत्र आढळणारे गुण गटांत बांधणाऱ्या घटक विश्लेषण या सांख्यिकी तंत्राचा आधार घेऊन ही संख्या १६ घटकांवर आणली. हान्स आयझेंक यांना एवढेही नको होते. बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता या दोन मोजपट्ट्या पुरेशा आहेत, असे ते म्हणत. तिसरी त्यांनी नंतर जोडली. दरम्यान अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांना १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या विश्लेषणात पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले. त्यांचा अहवाल कित्येक वर्षे फारसा कोणी वाचला नाही. पुढे लुईस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या कामामुळे १९८० च्या दशकात पाच घटकांचे प्रारूप रूढ झाले.

हे पाच घटक कोणते? एखाद्यात कमी गुण असणे वाईट का?

अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच घटक. हे कप्पे नसून मोजपट्ट्या आहेत, ही गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतो आणि बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात. कमी किंवा जास्त असण्यात आपोआप चांगलेवाईट काही नाही. फार सौजन्यशील माणसाला नकार देणे जमत नाही, आणि अस्थिरता अधिक असलेला माणूस धोका लवकर ओळखतो. कर्तव्यदक्षतेचे वजन मात्र वेगळे आहे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांच्या १९९१ मधील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तिचा संबंध पाहिलेल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांतील कामगिरीशी आढळला.

हे प्रारूप जगभर लागू पडते का? मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी ५० संस्कृतींतील माहितीवरून २००५ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. तथापि बोलिव्हियातील चिमाने या शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच घटक सापडले नाहीत. म्हणून ‘सार्वत्रिक’ हा शब्द जपून वापरलेला बरा. आणि घटक सापडले तरी ते वर्णनच असते. आपली मुलगी भावनिक अस्थिरतेच्या पट्टीवर वरच्या बाजूला आहे असे म्हटल्याने ती का घाबरते हे कळत नाही.

अंतर्मुख म्हणजे लाजाळू का?

नाही. लाजाळू माणसाला लोकांत मिसळायचे असते, पण भीती वाटते. अंतर्मुख माणसाला एकांत मनापासून आवडतो. आयझेंक यांच्या मते अंतर्मुख व्यक्तींचा मेंदू मुळातच अधिक उद्दीपित असतो, त्यामुळे त्यांना बाहेरचा गोंगाट लवकर जास्त होतो. या स्पष्टीकरणाला मिळालेला पुरावा संमिश्र आहे, पण मूळ भेद पक्का आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘अबोल आहे, सुधारणा हवी’ असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी तो जरूर आठवावा.

स्वभाव म्हणजे केवळ परिस्थितीचा परिणाम आहे, असे कोणी म्हटले आहे का?

वर्तनवादी बी. एफ. स्किनर यांची भूमिका जवळपास अशीच होती. ज्या वर्तनाला बक्षीस मिळते ते टिकते. आत व्यक्तिमत्त्व नावाची वस्तू शोधण्याची गरज नाही, असे ते मानत. अल्बर्ट बांडुरा यांनी त्यात मोठी भर घातली. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथील बालवाडीतील ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगात, हवा भरलेल्या बाहुल्याला मोठ्या माणसाने मारताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तसेच अनुकरण केले, आणि त्यांना स्वतःला त्यासाठी कोणतेही बक्षीस मिळाले नव्हते. माणूस पाहूनही शिकतो. शिवाय परिस्थिती माणसाला घडवते तशी माणूसही आपली परिस्थिती निवडतो आणि बदलतो, असे बांडुरा यांनी आग्रहाने सांगितले.

खरी खळबळ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये उडवली. प्रश्नावलीवरून मोजलेला गुणविशेष आणि एखाद्या प्रसंगातील प्रत्यक्ष वर्तन यांच्यातील सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे त्यांनी दाखवले. सोप्या भाषेत सांगायचे तर, वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्क्यांचा उलगडा त्या गुणाने होतो. वर्गात प्रामाणिक असलेला मुलगा खेळात लबाडी करू शकतो. गुणविशेषवाद्यांनी उत्तर दिले की एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची सरासरी घ्या, मग सातत्य दिसते. आणि ते बरोबर होते. मिशेल यांनी पुढे युइची शोडा यांच्यासह सुचवले की सातत्य ‘अमुक झाले तर तमुक’ अशा आकृतिबंधात असते. आपली मुलगी मैत्रिणींत मोकळी, घरात मोकळी आणि केवळ मूल्यमापन करणाऱ्यांसमोर गप्प असेल, तर तिला सरसकट ‘भित्री’ म्हणणे हे वर्णन म्हणूनही चुकीचे ठरते. माझ्या मते साऱ्या वादातून हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

रॉजर्स आणि मॅस्लो यांना मानवतावादी का म्हणतात?

फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाने माणसाला आतल्या संघर्षाच्या आणि वर्तनवादाने बाहेरच्या बक्षिसांच्या हवाली केले, असे त्यांना वाटत होते. कार्ल रॉजर्स यांच्या मते प्रत्येकात वाढीची मूळ ओढ असते. मुलाला ‘पहिला नंबर आला तरच तू आमचा’ असे सशर्त प्रेम मिळत राहिले, तर ‘मी आहे तो’ आणि ‘मी असायला हवा तो’ यांत दरी पडते. समुपदेशकाने विनाअट स्वीकार, समानुभूती आणि सच्चेपणा दिला की ती भरू लागते. समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित करून अभ्यासाला खुली करणाऱ्या पहिल्या काही लोकांत रॉजर्स होते. मानवतावाद म्हणजे ढिसाळपणा हा समज त्यामुळे टिकत नाही.

अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची पाच पातळ्यांची उतरंड मांडली: शारीरिक गरजा, सुरक्षितता, आपुलकी, मानसन्मान आणि आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यातील क्षमता पूर्ण फुलवणे. सर्वत्र छापला जाणारा त्रिकोण त्यांनी काढलेला नाही, तो नंतर व्यवस्थापनाच्या लेखनातून रूढ झाला. खालची गरज भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, असा कडक अर्थ घेतला तर मराठी माणसाला तुकारामांचे आयुष्य आठवावे: दुष्काळात पत्नी गेली, व्यापार बसला आणि तरीही अभंगवाणी फुलली.

त्रिगुण आणि वात-पित्त-कफ यांनाही व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त म्हणता येईल का?

एका अर्थाने म्हणता येईल. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायातील सत्त्व, रज आणि तम हे प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात आणि त्यांचे प्रमाण बदलते; म्हणजे ही विभागणी कप्प्यांची नाही, आणि हे आधुनिक मोजपट्ट्यांशी जुळते. फरक उद्देशाचा आहे. त्रिगुणांची मांडणी माणसाने कोठे जावे हेही सांगते आणि शेवटी तिन्ही गुणांच्या पलीकडे जायला सुचवते. पाच घटकांचे प्रारूप असा कोणताही मार्ग दाखवत नाही. त्रिगुणांवर आधारित प्रश्नावल्या भारतीय अभ्यासकांनी तयार केल्या आहेत. आयुर्वेदातील प्रकृतिविचाराची नाळ मात्र ग्रीकांच्या चार देहरसांच्या कल्पनेशी अधिक जुळते, कारण दोन्हींत शरीरातील द्रव्यांवरून स्वभाव सांगितला जातो.

राशी किंवा ऑनलाइन चाचण्यांतले वर्णन इतके तंतोतंत कसे जुळते?

बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचे’ म्हणून वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या एका पुस्तकातून जुळवलेला होता. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी अस्वस्थ असता’ हे कोणाला लागू पडणार नाही?

महाराष्ट्रात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या शेजारचा प्रश्न तपासला होता. कुंडलीवरून मूल हुशार की मतिमंद हे ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांवर दिलेली उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, आणि नाणे उडवूनही ५० टक्क्यांची अपेक्षा असते.

कंपन्यांत लोकप्रिय असलेली चार अक्षरी प्रकारांची चाचणी युंग यांच्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी तयार केली. तिचा मुख्य दोष असा की ती मध्यावर असणाऱ्या बहुसंख्य लोकांना जबरदस्तीने या किंवा त्या बाजूला ढकलते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. तिच्यावरून नोकरी देणे किंवा नाकारणे योग्य नाही.

स्वभाव आनुवंशिक असतो का?

काही अंशी. थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून मिनेसोटा विद्यापीठात वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. अशा अभ्यासांवरून गुणविशेषांतील सुमारे ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे दिसते. हा आकडा लोकसमूहातील फरकांविषयी आहे. ‘माझा निम्मा स्वभाव आजोबांचा’ असा त्याचा अर्थ होत नाही. स्वभावाचे एकच जनुक नसते, अत्यंत अल्प परिणाम करणारी असंख्य जनुके एकत्र काम करतात.

मग स्वभावाला खरोखर औषध नाही का?

वयानुसार स्वभाव बदलतो, हे आता निश्चित आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य विशेषतः विशी ते चाळिशीच्या काळात वाढत असल्याचे आढळले. २०१७ मध्ये त्यांनी उपचारांसंबंधीचे २०७ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर गुणविशेषांत मोजता येईल असा बदल दिसला आणि तो सर्वाधिक भावनिक स्थैर्यात होता. बदल संपूर्ण कायापालटाचा नव्हता, पण उपचार संपल्यावरही बऱ्याच अंशी टिकला.

आपल्या मुलीसाठी बांडुरा यांची स्व-क्षमतेची कल्पना सर्वांत हाताशी आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास त्यांच्या मते चार वाटांनी येतो: स्वतः मिळवलेले छोटे यश, आपल्यासारख्या कोणाला तरी ते जमताना पाहणे, विश्वासू माणसाचे प्रोत्साहन आणि शरीराच्या धडधडीचा अर्थ बदलून घेणे. म्हणून तिने आधी एका मैत्रिणीसमोर, मग तिघींसमोर, मग ओळखीच्या शिक्षकांसमोर उत्तरे मोठ्याने सांगावीत आणि घशाला कोरड पडली की पाण्याचा घोट घेऊन पुढचे वाक्य पूर्ण करावे. ती मुळात अंतर्मुख असेल तर कदाचित पुढेही तशीच राहील, आणि त्याला औषध शोधण्याचे कारणच नाही.